सुखदेवची चौथी चौकट

छोट्या साप्ताहिकात बातम्या कमी आणि किस्से जास्त जमतात. बातमी छापली की संपते. किस्सा कुणी छापत नाही, म्हणून तो डोक्यात तसाच पडून राहतो. नारायणगावच्या आमच्या साप्ताहिकात मी पंधराएक वर्षं काढली. आधी छपाईचे खिळे जुळवायचो, नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर आला तसा टायपिंगला बसलो. तिथले निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. आणि तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता!

त्याचं नाव सुखदेव. आमच्या शेवटच्या पानावरची चार चौकटींची चित्रपट्टी. काढायचे दत्तासर. वारूळवाडीचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. सुखदेव पन्नाशीचा, खांदे पडलेला, लांब नाकाचा, हातात पिशवी. पहिल्या चौकटीत तो कसल्या तरी आशेनं घरातून निघायचा आणि चौथीत त्याचं वाटोळं झालेलं असायचं. कधी कधी तर तो चक्क मरायचा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पिशवी घेऊन हजर.

आमचे संपादक अण्णा एकदा कळवळून म्हणाले, "सर, एकदा तरी त्याचं भलं करा की राव!"

सर म्हणाले, "करतो. पण मग लोक विचारतील, हा नवीन कोण?"

* * *

शाळेच्या हेडसरांनी तक्रार केली. एका शिक्षकानं असलं मरणाचं काढावं, पोरांच्या मनावर काय परिणाम होईल? अण्णांनी तोडगा काढला. पट्टीच्या वर ठळक अक्षरात छापायचं, 'फक्त मोठ्यांसाठी'.

पुढच्या सोमवारी हेडसर पुन्हा आले. "आता आख्खी आठवी वाचायला लागलीय! तेवढी ओळ काढा!"

* * *

एका आठवड्यात सुखदेवचा सत्कार होता. भाषणं झाली, हार झाले, नारळ फुटला, फक्त सुखदेवला स्टेजवर बोलवायचं राहून गेलं. चौथ्या चौकटीत तो मांडववाल्याला खुर्च्या उचलू लागत होता.

शनिवारी मंचरचा एक माणूस लालबुंद होऊन ऑफिसात आला. "माझी चेष्टा करताय व्हय? त्या सत्कारात तुमचं कोण बसलं व्हतं, नाव सांगा!" त्याला चहा पाजून घालवतोय तोवर दुसरा आला. मंगळवारी तिसरा. तिघांचं म्हणणं एकच, हे आमचंच चित्र आहे!

दत्तासर घाबरले. "मी तर मनानंच काढलं होतं हो."

तिसऱ्याबरोबर त्याची बायको आली होती. तिनं अंक हातात घेतला, नीट पाहिला आणि सरांना म्हणाली, "बाकी समदं बरोबर हाय. फक्त ह्यांचं नाक येवढं लांब न्हाई. ते त्याच दिवशी कापलं गेलं!"

* * *

बाजारपेठेतले पारसशेठ आमचे जुने जाहिरातदार. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, शेठ मात्र आमच्याहून चांगलं मराठी बोलायचे. त्यांची एकच इच्छा होती. सुखदेवनं एकदा त्यांच्या दुकानातून छत्री घ्यावी.

अण्णांनी सरांना गळ घातली. सरांनी काढलं. सुखदेव शेठच्या दुकानात जातो, छान छत्री घेतो, ऐटीत उघडतो आणि छत्रीवर वीज पडते. चौथ्या चौकटीत सुखदेवचा कोळसा, मुठीत छत्री.

शुक्रवारी आम्ही शेठची वाट बघत बसलो, म्हणजे शिव्यांची. शेठ आले, चष्मा लावून चौथी चौकट जवळ धरली आणि खूश झाले.

"छत्री फाटलेली नाही ना? मग चालतंय!"

* * *

एका गावाला नवीन स्मशानशेड झाली आणि उद्घाटनाला पुढाऱ्याची तारीख मिळेना. सरांना विषय मिळाला. सुखदेव नेमका तेव्हाच मरतो. लोक म्हणतात, उद्घाटन झाल्याशिवाय जाळता येणार नाही. तीन दिवस तिरडी शेडबाहेर. चौथ्या चौकटीत सुखदेव तिरडीवर उठून बसलाय आणि विचारतोय, "साहेबांची तारीख मिळाली का?"

दोन दिवसांनी दारात जीप थांबली. साहेबांचे पीए उतरले. अण्णांनी टेबलावरचा अंक गठ्ठ्याखाली सरकवला.

पीए गंभीरपणे म्हणाले, "साहेबांनी कात्रण वाचलं. त्यांना फार वाईट वाटलं. पुन्हा असं व्हायला नको. कुणी मयत झालं की आधी आमच्या ऑफिसला कळवत जा, तारीख लगेच देऊ!"

* * *

सरांची पहिली वाचक त्यांची बायको, सुमनवहिनी. पट्टी झाली की त्यांच्यापुढे ठेवायची. त्या हसल्या तर सर फाडून टाकायचे. त्या "अगं बाई" म्हणाल्या तरच पट्टी आमच्याकडे यायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी वहिनी आजारी पडल्या. पुण्याला दवाखान्यात ठेवलं. सर कॉटशेजारी बसून काढायचे, आणि मी दर बुधवारी जाऊन पाकीट घेऊन यायचो. एका बुधवारी सुखदेव दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट एकदम चांगला आहे. सुखदेव नाचतो. चौथ्या चौकटीत डॉक्टर म्हणतात, "सॉरी, हा शेजारच्याचा." वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं बाई."

मी तिथेच असताना खरे डॉक्टर आले. हातात वहिनींचा रिपोर्ट. त्यांनी सरांना बाहेर बोलावलं, पण वहिनी म्हणाल्या, इथंच सांगा. त्यांनी सांगितलं.

मग वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा नाव बघता का? शेजारच्याचा नाही ना?"

डॉक्टर हसले नाहीत. सर बाहेर जिन्यात जाऊन बसले. खांदे हलत होते. हसत होते की काय, मी पुढे जाऊन पाहिलं नाही.

वहिनी गेल्या त्या आठवड्यात आम्ही पट्टीची जागा रिकामी सोडायचं ठरवलं होतं. पण पाकीट आलं. पहिल्या चौकटीत सुखदेव ओट्याशी उभा. दुसरीत एक डबा उघडतो, तूरडाळ. तिसरीत दुसरा, रवा. चौथीत साखर सापडलीय, पण चहाचं पाणी आटून गेलंय.

शनिवारी एसटी स्टँडवर एका वाचकानं मला हटकलं. "या टायमाला काय मजा न्हाई राव! त्याला काहीच झालं न्हाई!"

* * *

आता जो सांगतो तो किस्सा याच्या बराच आधीचा, खिळ्यांच्या काळातला. माझ्या चुकीचा आहे, म्हणून मी सांगायचा टाळतो.

तेव्हा फोटोचा आणि चित्राचा जस्ताचा ब्लॉक यायचा. त्या आठवड्यात एकाच मापाचे दोन ब्लॉक माझ्या टेबलावर होते. एक पट्टीच्या नावाशेजारी छापायचा सुखदेवचा, खांद्यापर्यंतचा, दुसरा अवसरी बुद्रुकच्या एका वारलेल्या गृहस्थांचा. मी अदलाबदल केली. अंक गावोगाव गेला तेव्हा कळलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली त्या गृहस्थांचं नाव, 'शोकाकुल परिवार', आणि वर चौकटीत आमचा सुखदेव! लांब नाक, पडलेले खांदे, सगळ्यासकट.

अण्णा म्हणाले, "जाऊन पाय धर." दत्तासर स्वतःहून माझ्याबरोबर निघाले. तेराव्याचा दिवस. आम्ही अवसरीत पोचलो तर ओटीवर भाऊबंद बसलेले. दोन्ही मुलगे उठून अंगावर आले. "आमच्या बापाचं सोंग करता? लाज वाटती का?" मी हात जोडले. सर म्हणाले, "चूक माझी समजा, चित्र माझं आहे."

तेवढ्यात आतून म्हातारी आली. पांढरं कपाळ, हातात आमचाच अंक. मुलगे बाजूला झाले. ती सरांसमोर बसली.

"ह्ये तुमी काढलंय?"

"होय, आई. माफ करा."

"तुमी आमच्या मालकांना कुटं बघितलं व्हतं?"

"कधीच नाही."

तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं हार घातलेला मोठा फोटो होता. त्यात गृहस्थ छान हसत होते. म्हातारी कितीतरी वेळ एकदा भिंतीकडे, एकदा अंकाकडे बघत राहिली. मग थोरल्या मुलाला म्हणाली,

"त्यो फोटो उतरव. त्यो इस्टुडिओवाल्यानं हसवलेला माणूस हाय, त्याला मी वळखत न्हाई. माज्या घरात चाळीस वर्सं ह्यो व्हता. ह्याला लाव."