नवव्या मजल्यावरचा नगरसंघ

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर बसून जर्मनीचा मध्ययुगीन इतिहास दुरुस्त करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. दिवसा हे गृहस्थ बँकेत इमानेइतबारे नोकरी करतात. संध्याकाळी बनियनवर आले की त्यांच्या नकाशावर ल्युबेक, हॅम्बुर्ग, ब्रेमेन वगैरे व्यापारी शहरं बादशहाला रामराम ठोकून स्वतंत्र नगरसंघ स्थापन करतात. खऱ्या इतिहासात ही शहरं पुढे पांगली. "एकमेकांशी धड बोलली असती ना, तर टिकली असती हो!" हे ते अशा हळहळीने सांगतात, जणू त्यांच्या चुलत्यांचंच फाटलंय. जेवणाचं टेबल नकाशाने कायमचं अडवलंय, त्यामुळे वहिनी पोहे हातात देतात. एकदा मी कप डेन्मार्कवर टेकवला, तर खेकसले, "उचला! तिथे आपला वेढा चालू आहे." खालच्या खाऊगल्लीत, म्हणजे हॉकर सेंटरमध्ये, तर त्यांनी हेरिंग मागितला, कारण संघाची सारी भरभराट म्हणे त्या माशावर. "हेरिंग नो हॅव. फिशबॉल कॅन?" दुकानातल्या आजी म्हणाल्या. संघाने फिशबॉल मंजूर केले.

आरमारप्रमुख मात्र त्यांचा एकुलता एक मुलगा. एरवी बापलेकांचं बोलणं "जेवलास?" "याह" एवढ्यावर आटपतं, पण लढाई म्हटली की पोरगा टेबलावर ओणवा होऊन ओरडायचा, "बाबा, अटॅक लाह!"

मग त्याचं शिक्षण संपलं आणि सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. "शिस्त लागेल," शेजारी म्हणाले खरे, पण जीव नुसता खालीवर होत होता. त्याच आठवड्यात नगरसंघाने डेन्मार्कशी तह केला, मग नॉर्वेशी, मग साक्षात बादशहाशी. समुद्रावरच्या चाच्यांनासुद्धा माफी मिळाली. "अहो, आपण जिंकत होतो ना?" मी विचारलं. "पुरे झालं," म्हणाले आणि उगाच नकाशा पुसत बसले. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

पहिल्या सुट्टीला पोरगा आला तेव्हा मी तिथेच होतो. डोक्याचा गोटा, रापलेला चेहरा. ल्युबेकचं बंदर कागदी जहाजांनी गच्च भरलेलं पाहून तो चक्रावला.

"नो वॉर? देन व्हाय सो मेनी शिप्स, बाबा?"

"मुलांना शनिवारी घरी आणायला."

पोरगा खुर्ची ओढून बापाला खेटून बसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "परत कधी निघतात?"

"रविवारी. पण जेवल्याशिवाय एकही नाही."