हॉर्न ऐकून धावणाऱ्या गायी

रस्त्यात गाय दिसली आणि मागच्याने हॉर्न वाजवला, की गोरव्याचं ते प्रकरण आजही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

मी तेव्हा बडोद्यात, गोरवा भागातल्या ठाण्यात फौजदार होतो. नव्या मोटारींची बाजारात झुंबड उडाली होती, आणि गायी होत्या तिथेच होत्या. धार काढली की मालक त्यांना मोकळं सोडत, मग दिवसभर रस्ता त्यांचाच.

एके सकाळी एक शिक्षिका स्कूटरवरून पडून बेशुद्ध झाली. तिला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या टेम्पो ड्रायव्हरलाच लोकांनी चोप देऊन ठाण्यात आणलं. यानेच मागून धक्का दिला, असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. पडताना मात्र कोणीच पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने फिर्याद दिली, टेम्पो जप्त झाला. ड्रायव्हर खानदेशातून पोटासाठी आलेला. टेम्पोच्या मालकाने लगेच दुसरा माणूस शोधायला घेतला.

मी ड्रायव्हरला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणाऱ्याची हकीकत दर वेळी अधिक घोटीव होते. याची शेवटपर्यंत ओबडधोबडच राहिली. गाय धावत आडवी आली, बाई तिच्यावर आदळल्या, एवढंच तो सांगे.

"साहेब, मी थांबलो म्हणून इथं आहे," तो म्हणाला. "पळालो असतो तर घरी असतो."

पंचनाम्यात स्कूटरच्या दिव्याला गायीचे तांबूस केस मिळाले, टेम्पोवर मात्र ओरखडाही नव्हता. पण ट्रक अंगावर आला तरी न हलणारी ही जनावरं धावतील कशाला? दुसऱ्या दिवशी तिथल्याच कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने हळूच खबर दिली. एक पांढरी मोटार रोज तिथे थांबते, हॉर्न देते आणि आत बसलेले एक शेठ खिडकीतून गायींना पोळ्या घालतात. शेठ त्याचं गिऱ्हाईक, म्हणून आदल्या दिवशी तो गप्प बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी सकाळीच जीप घेऊन गेलो. दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली आणि हवालदाराला शेठची मोटार थांबते तिथे जीप लावून, शेजारी उभं राहून तिचा हॉर्न द्यायला सांगितलं. पलीकडच्या उकिरड्यावरच्या गायींनी माना वर केल्या आणि सगळ्या रस्ता ओलांडून धावत आल्या. एकीने तर हवालदाराच्या खिशात तोंड घातलं. मला हसू आलं आणि लगेच रागही आला.

शेठ जुन्या मराठी घरातले, एका इंजिनिअरिंग कारखान्याचे मालक. मी बोलावल्यावर ते रुबाबात आले.

"साहेब, आमच्या घरी पहिली रोटली गायीची. त्यात गुन्हा कसला?"

"घालण्यात नाही," मी म्हणालो. "भररस्त्यात बोलावण्यात आहे. बाई पडताना दिसल्या का तुम्हाला?"

ते हळू आवाजात म्हणाले, "आरशात दिसल्या. टेम्पो थांबलेला पाहिला, म्हणून निघालो."

पुढे शिक्षिका शुद्धीवर आल्या. त्यांच्या जबाबातही गायच होती. शेठवर गुन्हा दाखल झाला आणि ड्रायव्हर सुटला.

मी नव्या शिपायांना सांगत आलो, की गाय दिसली की वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, तिच्या तोंडापुढून न जाता शेपटीमागून जा, आणि एक ओलांडताना दिसली तर तिच्यामागे दुसरी येणार हे धरून चाला. हे शिकवायला सोपं आहे.

अवघड गोष्ट मला त्या ड्रायव्हरने शिकवली. टेम्पोची किल्ली परत देताना मी विचारलं, "पुन्हा रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबशील ना?"

त्याचा ओठ अजून सुजलेला होता. त्याने किल्ली खिशात टाकली.

"खरं सांगू साहेब? माहीत नाही."

त्या दिवसापासून मी असेपर्यंत ठाण्यात एक नियम ठेवला. जखमीला घेऊन येणाऱ्याला आधी खुर्ची आणि पाणी द्यायचं, प्रश्न नंतर. त्या माणसाला मात्र ती खुर्ची मिळाली नव्हती, आणि पुढे तो कोणासाठी थांबला की नाही, मला कधीच कळलं नाही.