नानांनी जमिनीवर रोखलेलं विमान

एका पेशंटचा चष्म्याचा नंबर काढत होते, तेवढ्यात एरंडोलहून फोन आला. नानांची मुलगी बोलत होती. "ताई, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." त्याला आता पाच आठवडे होतील. नानांचं काशिनाथ सोनवणे हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवलेला आणि निवृत्तीनंतर परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवलेला हा माणूस धुळ्यात माझं छोटं विमान सांभाळायचा. मी डोळ्यांची डॉक्टर. चाळिशीत विमान चालवायला शिकले आणि दोन मालकांच्या हाताखालून गेलेलं एक दोन आसनी विमान घेऊन बसले. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. नानांनी फक्त विचारलं, "डॉक्टरबाई, याचं इंजिन शेवटचं कुणी उघडलं होतं?"

नाना एस.टी.नं यायचे, सोबत डबा. शेडमध्ये शिरले की हात मागे बांधून विमानाभोवती एक सावकाश चक्कर मारायचे, कशालाही न शिवता. "आधी बघायचं, मग हात लावायचा," म्हणायचे. पंखाखाली वेग मोजणारी एक बारीक नळी असते. तिला टोपण लावायचं मी एकदा विसरले, तर चार दिवसांत कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधलेलं. नाना रागावले नाहीत. ती माती तळहातावर घेऊन म्हणाले, "तिनं तिचं काम चोख केलं. आपण नही." मी पुन्हा कधी टोपण विसरले नाही.

पण नाना मला खरे कळले ते आबांमुळे, माझ्या वडिलांमुळे. आबा भूमापन खात्यात होते. सारी नोकरी जळगाव-धुळ्याच्या शिवारांतून साखळी ओढत जमिनी मोजण्यात गेली. ऐंशीला टेकताना काचबिंदूनं त्यांना गाठलं. या दुखण्यात नजर कडांकडून मिटत येते. ताटातली भाजी दिसली तर चटणी दिसेना, अशी त्यांची गत. एक दिवस म्हणाले, "मी मोजलेलं सगळं एकदा वरून बघू दे गं." मी त्यांच्या वाढदिवसाचा दिवस ठरवला. त्यांचे डोळे मीच तपासत होते. किती नजर उरली आहे आणि ती किती दिवस पुरेल, हे माझ्याहून जास्त कुणाला कळणार?

आदल्या दिवशी नाना इंजिनाचं तेल बदलायला आले. जुना फिल्टर ते कधी तसाच टाकत नसत. कापायचे, त्यातल्या कागदाच्या घड्या धुवायचे आणि उन्हात धरून पाहायचे. त्या दिवशी ते बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातून लोहचुंबक काढलं. तीन चकचकीत कण टुणकन त्याला चिकटले... तिळाहून लहान. "पोलाद शे," नाना म्हणाले. "आतून काहीतरी झिजतंय. उद्या उडायचं नाही."

मी विनवलं, वाद घातला आणि शेवटी नको ते बोलले. "नाना, तुमच्या तीन कणांपायी मी आबांचे डोळे जाऊ देऊ?"  नानांनी हात पुसले, डबा उचलला आणि स्टँडकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आबांना समजवायला मी जळगावला गेले, तर नाना आधीच त्यांच्यासमोर बसलेले. ते कण एका छोट्या बाटलीत घालून आणले होते. दिसत नव्हते म्हणून आबा ते तळहातावर ओतून बोटाच्या टोकानं चाचपत होते.

"किती दिवस लागतील?" आबांनी विचारलं.

"घाई केली तर तीन महिने. नही केली तर चार."

"मग चार घ्या. साखळी ढिली धरली की काम लवकर उरकतं, सोनवणे. पण भांडण पुढं बांधावर होतं."

दोघंही हसले. मला मात्र तिथं उभं राहवेना.

इंजिन उघडलं. आतल्या कॅमशाफ्टचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, एक उंचवटा खरवडला गेला होता. मी माफी मागितली, तेव्हा नाना म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी उडाल्या असत्या तर पडल्याच असत्या, असं काही नाही. कदाचित सुखरूप आल्याही असत्या. मला फक्त 'कदाचित'वर सही करता येत नाही." भाग बाहेरून यायचे होते, चाराचे साडेचार महिने झाले. आबांची नजर मी तपासतच होते, आणि ती आणखी आकसतच होती. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला नाना स्वतः शेजारी बसले. धुळ्याभोवती अर्धा तास आम्ही फिरलो. त्यांनी खाली एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

मग आबा बसले. एरव्ही त्यांना समोरच्या माणसाचा अर्धा चेहराच दिसायचा, त्यामुळे मी धास्तावलेच होते. पारोळा मागे पडलं, एरंडोल आलं, पुढं गिरणा चमकली. आबा काचेला कपाळ टेकवून बसले होते. मग एकदम म्हणाले, "अगं, इथून सगळं मावतंय!" डोळ्यांची डॉक्टर असून हे माझ्या ध्यानीही आलं नव्हतं. जमिनीवर ज्या नजरेत ताट मावत नव्हतं, तिच्यात वरून अख्खं गाव मावत होतं, बांधासकट. ते एकेका शिवाराचं नाव घेत गेले. उतरल्यावर त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला. पुढच्या वर्षी आबा गेले. त्या चाळीस मिनिटांबद्दल ते अखेरपर्यंत सांगत होते.

नानांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी पुन्हा एकदा एरंडोलला गेले. नानांच्या पत्नी शांताअक्का शिलाई मशीनवर नातीचा फ्रॉक शिवत बसल्या होत्या. डोक्यावर जुना पंखा फिरत होता, अजिबात आवाज न करता. अक्का म्हणाल्या, "घरमा बठ्ठं, सगळं काही चालू शे. त्यास्नी काहीच बिघडू दिन्हं नही." मग मशीनचा खण उघडून तेलाची कुपी माझ्या हाती दिली. कुपीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नानांचं टपोरं अक्षर होतं: 'दर पंधरा दिवसांनी. दोन थेंब. तिसरा नको.'

"आज पंधरावा दिस शे," अक्का म्हणाल्या. "माले ते भोक दिसत नही. तू घाल."

मी वाकून ते बारीक भोक शोधलं आणि दोन थेंब घातले. अक्कांनी पायडल दाबलं, आणि मशीन पुन्हा चालू लागलं.