चहातले थेंब

पहिल्यांदा थेंब घातले तेव्हा माझा हात जराही थरथरला नाही. हे आधीच सांगते, कारण नंतर लोकांनी मला फार बिचारी ठरवलं.

माझे मिस्टर अंबरनाथला एमआयडीसीत छपाईच्या मशीनवर होते. बिस्किटांच्या पुड्यांचा कागद छापणारी कंपनी. आम्ही कुळगावात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी तेव्हा सातवीत होती आणि मी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका साड्यांच्या दुकानात काउंटरला होते. ह्यांना वाटायला लागलं की खालच्या मजल्यावरचे लोक भिंतीतून ह्यांचं बोलणं ऐकतात. मग कंपनीतले ऐकायला लागले, मग रिक्षावाले. शेवटी ह्यांच्या भावाला बोलावून आम्ही डॉक्टर गाठला आणि गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी ऐकणारे लोक गेले. पण सकाळी उशी लाळेनं ओली असायची. चालताना हात हलायचे नाहीत, नुसते लोंबायचे. कंपनीनं मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. एकदा मला म्हणाले, "पेपरातली ओळ वाचतो ना, खालच्या ओळीवर येईपर्यंत वरची पुसून गेलेली असते." मी म्हटलं, "हळूहळू होईल बरं." असं म्हणायला काय लागतं? त्यांनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून गोळ्या बेसिनमध्ये सोडायला लागले. मला कळलं तेव्हा दोन महिने उलटले होते. कोणी ऐकू नये म्हणून ह्यांनी घरातल्या सगळ्या प्लगांना चिकटपट्ट्या लावल्या तेव्हा कळलं.

गोळीचं नाव काढलं की ताट भिरकावत. मारलं कधीच नाही, पण मुलगी आतल्या खोलीची कडी लावून अभ्यास करायला लागली.

दुकानात एक दिवस मी साड्यांच्या घड्या घालता घालता रडले. शेठाणी वयस्क बाई, तिच्या धाकट्या दिराला असाच काहीतरी त्रास होता. तिनं मला मागं नेऊन पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "ड्रॉप्स आते हैं, बेटा. पानी जैसा. चाय में डाल दे, किसी को पता नहीं चलता. हमने पाँच साल डाला."

मी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडे एकटीच गेले. तो म्हणाला, "पेशंटला आणलं नाही?" मी म्हटलं, येत नाहीत. पुन्हा त्यानं विचारलं नाही. "चव नाही, वास नाही. सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच थेंब," असं म्हणून त्यानं चिठ्ठी लिहून दिली. बाटली एवढीशी, बोटाएवढी. मी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली.

आणि गुण आला. दोन-तीन आठवड्यांत ह्यांनी स्वतःच्या हातानं चिकटपट्ट्या काढल्या. खालच्या काकांना जिन्यात नमस्कार केला. मुलीनं कडी लावणं सोडलं. मी देवासमोर साखर ठेवली.

मग पाय सुरू झाले.

आधी मुलीच्या लक्षात आलं. "आई, बाबा उभ्यानं का जेवतात?" मी पाहिलं तर खरंच, ओट्याला टेकून उभे, ताट हातात, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतायत. मी म्हटलं, "बसा की हो." बसले. चार घास खाल्ले आणि उठले. टीव्ही बघताना उठायचे. दाढी करताना आरशासमोर जागच्या जागी पावलं टाकायचे, त्यामुळे गालाला कापायचं. मी विचारलं, "पाय दुखतात का?" म्हणाले, "दुखत नाहीत. आतून कोणीतरी ऊठ ऊठ म्हणतंय असं होतं." 'कोणीतरी म्हणतंय' एवढंच मी ऐकलं. वाटलं, परत आलं ते.

मी त्याच डॉक्टरकडे पळाले. "फार बेचैन असतात," म्हणून सांगितलं. "म्हणजे अजून आजार दबला नाही," तो म्हणाला. "दहा-दहा करा."

मी दहा केले.

त्यानंतर ह्यांचं चालणं सुरू झालं. कुळगावातून निघायचे, उड्डाणपूल ओलांडायचे आणि पार बदलापूर गावापर्यंत जाऊन नदीवरून परत. दिवसातून एकदा, मग दोनदा, मग मोजणं सोडलं. कंपनीनं घरी बसायला सांगितलं, तर ह्यांना घरी बसताच येत नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला, टाच झिजून तळव्याला खडे लागायला लागले. शेजारीण म्हणाली, "तुमचे मिस्टर फार फिरतात हल्ली. तब्येतीसाठी का?" मी हो म्हटलं.

झोपेतून तासाभरात उठायचे. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. आणि एक नवीनच बोलणं सुरू झालं. बाहेरून यायचे, दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "नदीला आज पाणी चांगलं आहे." बाकी काही नाही. पाऊस थांबून महिना झालेला. मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली. मी काय केलं? भीती वाटली की चहात दोन थेंब जास्त टाकायचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी चहा दिला. त्यांनी तो उभ्यानं, दोन घोटांत संपवला, कप माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "पोरीला सांभाळ." मी भाजी चिरत होते. "कुठं निघालात?" म्हणेपर्यंत जिना उतरलेसुद्धा. मुलगी बाल्कनीतून ओरडली, "आई, बाबा चपला न घालता गेले!"

मी रिक्षा केली. पूल, बाजार, गावातली गल्ली, सगळीकडे बघत गेले. ते घाटावर सापडले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, पाण्यात उभे, आणि पाण्यातसुद्धा पाय हलतायत, डावा, उजवा, डावा. कपडे धुणाऱ्या दोन बायका धोपटणं थांबवून बघत होत्या. मी काठावरून हाक मारली, "अहो, बाहेर या. माझ्यासाठी या."

ते वळले. रडत होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"मला मरायचं नाहीये गं," ते म्हणाले. "मला फक्त बसायचंय. एकदा नीट बसायचंय."

सोमवारी आम्ही उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात गेलो. यायला ते तयार होते. पाय थांबवणार असतील तर कुठंही येतो म्हणाले. ओपीडीत तरुण डॉक्टरीण होती. ती काही विचारायच्या आधी त्यांच्या पायांकडेच बघत राहिली.

"बसून राहता येतं का काका?"

"नाही."

"मनात कोणी बोलतं? की पायच राहत नाहीत?"

"पायच. मनात काही नाही. मी सगळ्यांना तेच सांगतोय."

"कुठलं औषध चालू आहे?"

"काहीच नाही. मी काही घेत नाही."

तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई?"

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. मला खोटं बोलता आलं असतं. बाटली घरी होती आणि मी असं बरंच खोटं बोलले होते. पण ह्यांचे पाय टेबलाखाली फरशीवर घासत होते, आणि तो आवाज मला सहन होईना.

"मी देते," म्हटलं. "चहातून."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कधीपासून?"

"चार महिने झाले."

ओरडले नाहीत. उठले आणि दाराबाहेर गेले. लांबलचक व्हरांडा होता, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. डॉक्टरीण मला सांगत होती, हे औषधामुळेच होतं, आजार वाढल्यासारखं दिसतं, आणि औषध वाढवलं की आणखी वाढतं. अशा वेळी माणूस जिवाचं बरंवाईट करून घेतो. "तुम्ही वेळेत आणलंत," ती म्हणाली. मला ते कौतुक ऐकवेना. दर खेपेला दारासमोरून ह्यांची सावली जायची, आत वळून बघायची नाही.

थेंब बंद झाले. पायांसाठी वेगळी गोळी मिळाली आणि आजारासाठी दुसरी, नवीन. दहा-बारा दिवसांनी एक दिवस ते मुलीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि पूर्ण जेवण होईपर्यंत उठले नाहीत. मुलगी माझ्याकडे बघून हसली. ते हसले नाहीत.

त्यांनी सरळ सांगितलं, "गोळी मी घेईन. मीच घेईन. पण तुझ्या हातचं काही पिणार नाही." आजही पीत नाहीत. पाणीसुद्धा माठातून स्वतः घेतात. जेवण मुलगी वाढते. दवाखान्यात एकटे जातात, डॉक्टरणीशी काय बोलतात ते मला सांगत नाहीत. आता नवीन गोळीनं वजन वाढलंय, सकाळी दहापर्यंत जाग येत नाही. मशीनवर परत कोणी घेतलं नाही. दुपारी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. दुकानदाराला ते आवडतात, कारण जागचे हलत नाहीत.

परवा संध्याकाळी ते आणि मुलगी वाटाणे सोलत बसले होते. मी समोर कणीक मळत होते. ह्यांचे ओठ हलत होते. काही चघळत असल्यासारखे पुढं यायचे, मागं जायचे, मधेच जिभेचं टोक दिसायचं. तोंडात काहीही नव्हतं. डॉक्टरणीनं तेव्हाच बजावलं होतं, ओठांवर आणि जिभेवर लक्ष ठेवा, असलं कधीकधी उशिरा उगवतं आणि उगवलं की जाईलच असं नाही.

या वेळी मी लपवलं नाही.

"अहो, तुमचे ओठ हलतायत."

"कधीपासून?"

"मला आज दिसलं."

ते उठून आरशासमोर गेले. बराच वेळ उभे राहिले. मुलगी हातातली शेंग तशीच धरून बसलेली. परत आले आणि म्हणाले, "गुरुवारी ओपीडी आहे. तू पण चल."

आज बुधवार. मघाशी ते समोर बसले होते आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

"बघ," म्हणाले. "बघत राहा. मला आतून काहीच कळत नाही."