तीन सरणं, एक सुई

मला एका जागी बसवत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं खापर मी त्या नव्वद सुयांवर फोडते. थोडा माझा मूळ स्वभावही असेल, पण सुयांवर फोडलं की बरं वाटतं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो. मी एकोणीस वर्षांची. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. नाशिकरोडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, टीबी सांगितला, आणि रोज एक याप्रमाणे नव्वद इंजेक्शनं लिहून दिली. घरी आल्यावर आईने आधी खिडकी लावली. थोरल्या ताईचं लग्न जुळवायचं चाललं होतं. टीबीच्या घरात कोण मुलगी मागायला येणार?

कॉलनीतल्या दवाखान्यात गेलं की तासाभरात बोभाटा. म्हणून चौथी शिकलेल्या माझ्या आईने त्या डॉक्टरांकडूनच इंजेक्शन द्यायचं शिकून घेतलं. आठवडाभर ती मोसंबीला टोचत होती. नंतर ती मोसंबी मलाच खायला लागायची.

रोज सकाळी वडील कामावर गेले की स्टोव्हवर पातेलं चढायचं. काचेची सिरिंज पाण्यात उकळताना खुळखुळ वाजते. भिंती पातळ, म्हणून आई रेडिओ मोठा करायची. तो आवाज सुरू झाला की मी दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायची. त्या औषधाने कानात गुणगुण सुरू व्हायची, आणि वीजकेंद्राची घरघर तर अष्टौप्रहर चालूच. त्यातला कानातला आवाज कुठला आणि बाहेरचा कुठला, कळायचं नाही. मला सगळ्याचाच संताप यायचा.

पहिले चार दिवस मी अंग इतकं आखडून धरलं की सुई वाकली. आई घामाघूम. मग तिनेच तोड काढली. "त्रिसरण म्हण," ती म्हणाली, "मोठ्याने म्हण, माझ्याबरोबर." आमच्या घरात ते रोज संध्याकाळी म्हणायचेच. बुद्धं सरणं, धम्मं सरणं, संघं सरणं, आणि मग तेच पुन्हा दोनदा, दुसऱ्या फेरीला आधी 'दुतियम्पि' लावून, तिसरीला 'ततियम्पि'. पहिल्या फेरीत 'धम्मं'ला सुई आत. दुतियम्पिला औषध हळूहळू. ततियम्पिला सुई बाहेर आणि कापसाने चोळायचं. कंबरेखाली, एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. दुखायचं तेवढंच, पण कधी दुखणार आणि कधी संपणार ते कळायला लागलं. माझ्यासारख्या उतावळीला तेवढं पुष्कळ होतं.

चाळीस झाल्या. खोकला थांबला, थुंकीत जंतू नाहीत असं आलं, गालावर जरा मांस चढलं. त्याच आठवड्यात चांदवडकडचं स्थळ ताईला पाहून पसंती कळवून गेलं होतं, आणि आता मुलाचे आईवडील तारीख ठरवायला येणार होते. आई मला हळूच म्हणाली, "लग्नघरात पंधरा दिवस माणसं असतील. कुठे लपवायचं हे सगळं? आता बरी आहेस तू. बस झालं." मी तर नाचायचीच बाकी राहिले.

पाहुणे आले त्या सकाळी एक्केचाळिसावी, शेवटची म्हणून, घेतली. डावीकडे. संध्याकाळी मेणबत्त्या लावून बोलण्यांआधी सगळे हात जोडून उभे राहिलो. माझ्या शेजारी मुलाची आई, बारीक, काटकुळी बाई. वडिलांनी त्रिसरणाला सुरुवात केली.

'धम्मं'ला माझं अंग आखडलं आणि तोंडातून "स्स्" निघालं. मला काही कुणी टोचलेलं नव्हतं! दुतियम्पिला मी आपोआप सगळा भार उजव्या पायावर टाकला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विरघळून जायला हवी होते. तरी ततियम्पिला माझा जोडलेला एक हात सुटला आणि भरल्या घरात मी कंबरेखाली चोळू लागले.

"मुंगी चावली असेल," आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

नंतर चहा टाकायला आम्ही आत गेलो, तर मुलाची आई मागोमाग आली आणि पडदा ओढला. मला म्हणाली, "कितवी व्हती गं?"

आईच्या हातातली साखरेची वाटी लवंडली. "बाई," आई रडायलाच लागली, "लग्न मोडू नका. पोरीला आता काही नाही. आजपासून बंदच केल्यात सुया."

"बंद?" ती बाई खाली पाटावर बसली. दम लागल्यासारखी थांबून थांबून बोलत होती. "मला बी दिल्या व्हत्या. साठेक झाल्या, बरं वाटाया लागलं. कांद्याची लागण आली, कोण रोज दवाखान्यात जाईल, म्हनून सोडल्या. दुसऱ्यांदा उलटलं तवा लय उशीर झाला. छातीची एक बाजू कामातून गेली माझी. आता विहिरीवरनं हंडा आनता येत नाय." तिने आईचा हात धरला. "लग्नाचं मी बघते. तिची सुई तुमी बघा. एक बी चुकवायची नाय."

मला तिचा भयंकर राग आला. सुटले होते ना मी! माझी सुटका तिने परत घेतली. त्या रात्री मी ताईशीही धड बोलले नाही.

लग्नाच्या सकाळी त्रेसष्टावी होती. घरात पाय ठेवायला जागा नाही. आई पदराखाली सिरिंजचा डबा धरून या खोलीतून त्या खोलीत फिरत होती, आणि मी तिच्यामागे, रडकुंडीला आलेली. तेवढ्यात वऱ्हाडातून ताईची सासू आली. "मला लुगडं बदलायचंय, समद्या भाईर व्हा," म्हणत तिने बायकांना हाकललं, आम्हा दोघींना आत ओढलं आणि दाराला पेटी लावली.

आईने औषध भरलं, पण त्रिसरण काही तिला सुरू करता येईना. तेव्हा ताईच्या सासूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणायला सुरुवात केली. 'धम्मं'ला सुई आत गेली. दुतियम्पिला त्यांचा श्वास अडकला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि माझे हात मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवले होते.

उरलेलं मी एकटीनेच म्हटलं, त्यांच्या वाटचं आणि माझ्या वाटचं.