मागच्या चाकातली कुत्री

बायकोची सायकल मी दुरुस्त केली, तेव्हा ती फक्त पुढे जात नव्हती. बाकी काम चोख झालं होतं.

माझी बायको रूथ घोडेगावच्या दवाखान्यात नर्स आहे आणि माझं तिथंच वह्या-पेनांचं दुकान आहे. तिची जाड टायरची गिअरची सायकल (घरातली सर्वांत लाडकी व्यक्ती) मागच्या चाकातून करकरायला लागली. आणि दुसऱ्या दिवशी सोनईपर्यंत बायकांची सायकल फेरी!

मी चाक धरून आडवं हलवलं. ते लटपटलं.

"हबमधले छर्रे झिजलेत," मी निदान केलं.

"मग सायकलच्या दुकानात टाकू या."

"दुकानात काय वेगळं करतात?"

मी चाकाच्या मधोमध असलेला तो हब उघडला, नवे छर्रे बसवले. लटपट गेली. इथंच थांबायला हवं होतं. पण ट्रॅक्टरचं ग्रीस उरलं होतं आणि माझा उत्साहही. शेजारीच चेनच्या चक्रीतलं फ्रीव्हील होतं. त्याच्या पोटात पायडल मारलं की दाते पकडून चाक फिरवणारे बारके खटके असतात, त्यांना सायकलवाले 'कुत्री' म्हणतात. त्या कुत्र्यांना मी पोटभर ग्रीस चारलं. त्यांची टिकटिकसुद्धा बंद!

"ही एवढी गप्प कशी?" रूथनं विचारलं.

"भारी सायकली गप्पच असतात."

सकाळी कडाक्याची थंडी. फेरी निघाली, रूथ सगळ्यांच्या पुढे. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटरवर मागे, छाती फुगवून. गावाबाहेरच्या उतारावर तिनं पाय थांबवले. उतार संपला, तिनं पुन्हा पायडल मारलं आणि पाय गरागरा फिरायला लागले. चेन फिरतेय, पायडल फिरतंय, चाक मात्र जागच्या जागी! बाकीच्या बायका शेजारून पुढे गेल्या.

बांधावरची एक आजी गवत कापायची थांबली. "बाई, पाय तर लई पळत्यात, सायकल का हलंना?"

"आमच्या ह्यांनी दुरुस्त केलीय," रूथ म्हणाली.

"व्हय का," म्हणून आजी पुन्हा गवत कापायला लागली. तिला सगळं कळलं होतं.

रूथनं चाक काढून कानाजवळ फिरवलं. छातीला नळी लावल्यासारखी ऐकत राहिली.

"आत काय भरलंत?"

"थोडं ग्रीस."

"थंडीनं घट्ट झालंय. कुत्री चिकटून बसलीत, उठतच नाहीत. पोट धुवावं लागेल. स्कूटरमधलं पेट्रोल काढा."

मी स्कूटरच्या डिकीतल्या रबरी नळीचं एक टोक टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. पेट्रोल आलं! थोडं फ्रीव्हीलला मिळालं, थोडं मला, उरलेलं सगळं रस्त्याला. मी थुंकत असताना तिनं चाक आडवं धरून पेट्रोल सोडलं, फिरवलं, पुन्हा सोडलं. काळा चिखल बाहेर आला आणि मग ऐकू आलं, टिक... टिक... टिकटिकटिक!

"उठली!" मी ओरडलो.

रूथ सायकलवर बसली आणि वाऱ्यासारखी गेली. मी स्कूटरला किक मारली. पुन्हा मारली. टाकी कोरडी ठणठणीत.

स्कूटर ढकलत, घामाघूम, मी सोनईत पोहोचलो, तेव्हा भाषणं संपून केळी वाटणं चालू होतं. कोणीतरी माझा फोटो काढला. संध्याकाळी तो गावाच्या ग्रुपवर आला: 'महिलांच्या फेरीला पाठिंबा म्हणून पेट्रोल न जाळता चालत आलेले आदर्श पती.'

खाली सगळ्यात पहिला हसरा चेहरा रूथनं टाकला होता. मीही हात जोडलेलं चित्र टाकून गप्प बसलो. आदर्श माणसानं जास्त खुलासे करू नयेत.