हिल्मियाच्या पडद्यावरचं गाव

हिल्मिया दार लावून कुणा बाईशी गुलूगुलू बोलतो, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली. पसरवली मीच, म्हणून कॉफीचं भांडं घेऊन खात्री करायलाही मीच गेले. बाई कसली! निवृत्त ट्रामचालक हिल्मिया पस्तीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर लढाईचा जुना खेळ मांडून त्याच्याशीच पुटपुटत बसला होता. एक खेळी त्याची, एक यंत्राची.

युद्धात आमच्या सारायेव्हो शहराला वेढा पडायच्या आधी या खेळात त्याला कुणी हरवू शकत नव्हतं. टेकडीवर तोफा चढवायच्या, खालचं गाव भाजून काढायचं, मग सैन्य घुसवायचं. आता तोफा टेकडीवर गप्प होत्या आणि तो नुसतं पायदळ पुढे ढकलत होता. माझ्यादेखत अकरावा डाव हरला.

"तोफ न डागता हे गाव एकदा तरी घ्यायचंय मला," तो म्हणाला.

"म्हातारा झालास रे," मी कॉफी ओतत म्हटलं. "डाग की खुशाल. त्या गावात माणसं कुठे आहेत? नुसते चार करडे चौकोन."

त्याने पडद्यावरची नजर काढली नाही.

"डोंगरावरून आपल्यावर तोफा डागणाऱ्यांनाही एवढंच दिसत होतं, शेजारीणबाई."